लॉरी मेटकाफ बघायची तर कुठून सुरू करायची (सिनेमा, सिरीयल, नाटक तिन्ही धरून)

बिग बँग थिअरी बघितली असेल तर शेल्डनची आई आठवत असेलच, टेक्सासची, उठता बसता जीझस, आणि त्या एवढ्या हुशार पोराला एका वाक्यात गप्प बसवणारी. आणि घरात लहान मूल असेल तर टॉय स्टोरी पाठच झाली असणार, त्यात अँडीच्या आईचा आवाज आहे ना, तोही तिचाच. म्हणजे नाव माहीत नसलं तरी ही बाई आपल्या घरात येऊन गेलेली आहे. लॉरी मेटकाफ. आता कुणी म्हणेल की शेल्डनच्या आईला बघायला गाईड कशाला हवं, सर्च केलं की झालं, तर मीही तेच केलं होतं आणि फसले म्हणून लिहितेय.

मी काय केलं तर तिची सगळी यादी उघडली आणि शहाण्यासारखी सालाप्रमाणे वरून खाली सुरुवात केली, १९८५ चा डेस्परेटली सीकिंग सुझन, मग अंकल बक, मग जेएफके, आणि प्रत्येक ठिकाणी बाई येणार, काहीतरी मस्त करणार आणि जाणार, की पुढचे दीड-दोन तास आपण दुसऱ्याच लोकांची गोष्ट बघत बसायचं. तीन वीकेंड गेले, हाताला काही लागलं नाही. तिची यादी सालाप्रमाणे बघायची नसतेच. आणि अवॉर्डप्रमाणे पण नाही, कारण चार एमी (टीव्हीचे), दोन टोनी (न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाटकांचे) आणि एक ऑस्कर नॉमिनेशन असा हिशोब आहे, त्यातले ते दोन टोनी ज्या नाटकांचे आहेत ती नाटकं तुम्हाला कुठल्याच ओटीटीवर सापडणार नाहीत, मग तिथेच गाडी अडते.

माझं म्हणणं असं की आधी टीव्ही, मग सिनेमा, शेवटी नाटक. पण टीव्ही बघायचा तो नाटक म्हणून. हे वाक्य विचित्र वाटेल, खाली कळेल.

त्याआधी दोन मिनिटं मागचं सांगते, हे माहीत असेल तर पुढचं जास्त दिसतं. जन्म १९५५ चा, इलिनॉय राज्यातल्या कार्बनडेलचा, वाढली त्याच राज्यातल्या एडवर्ड्सव्हिलमध्ये. कॉलेजला आधी जर्मन घेतलं, मग मानववंशशास्त्र, आणि मग शेवटी नाटक. (घरोघरी मातीच्या चुली, सायन्सला ॲडमिशन घेऊन नाटकात पडीक असणारी आपल्याकडची मुलं आठवली मला.) तिथे इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीत जे टोळकं जमलं त्यांनी शिकागोजवळ हायलंड पार्कला एका चर्चच्या तळघरात नाटकं करायला सुरुवात केली, १९७६ ची गोष्ट. टोळक्यात कोण, तर जॉन माल्कोविच, गॅरी सिनीझ, टेरी किनी, जेफ पेरी वगैरे मंडळी. तीच स्टेपनवुल्फ थिएटर कंपनी. आज ती अमेरिकेतल्या नावाजलेल्या कंपन्यांपैकी एक आहे पण तेव्हा म्हणजे आपल्याकडे कॉलेज संपल्यावर पाच-दहा जण ग्रुप काढतात आणि सेट पण स्वतःच उचलतात तसला प्रकार. तर ती सवय, म्हणजे इवल्याश्या जागेत, प्रेक्षक दोन हातांवर, खोटं केलं की लगेच पकडले जाणार, ही तिच्या अंगात कायमची आहे. हे डोक्यात ठेवा.

आता टीव्ही. रोझॅन नावाची सिटकॉम, १९८८ ते १९९७. इलिनॉयमधलंच लॅनफर्ड नावाचं काल्पनिक गाव, कामगार घर, पैशाची चणचण, जाडजूड नवरा-बायको, तीन पोरं, आणि बायकोची धाकटी बहीण जॅकी. ती जॅकी म्हणजे लॉरी. त्या काळात ही अमेरिकेतली एक नंबरची सिरीयल होती. जॅकीचं लक्षण काय तर ती कुठे टिकत नाही, आधी बहिणीबरोबर प्लास्टिकच्या फॅक्टरीत, मग पोलिसात, मग ट्रक चालवते, मग हॉटेलात भागीदार. पुरुषांच्या बाबतीतही तेच. (फॅक्टरीतला तो सुपरवायझर ज्याच्याबरोबर तिचं काहीतरी चाललेलं असतं तो जॉर्ज क्लूनी आहे, तरुणपणचा, केस बघून हसू येतं.) या कामासाठी तिला १९९२, ९३, ९४ असे लागोपाठ तीन एमी मिळाले.

नऊ सीझन आहेत, सगळे बघायची गरज नाही. पहिल्या सीझनचे चार-पाच भाग बघा, घर आणि माणसं ओळखीची होईपर्यंत. मग सरळ पाचव्या सीझनवर उडी मारा. शेवटचा सीझन तर सोडूनच द्या, तो का असा केला देव जाणे.

आणि बघताना एक लक्षात ठेवा, ही सिरीयल खऱ्या प्रेक्षकांसमोर शूट व्हायची. तो जो हशा ऐकू येतो तो समोर बसलेल्या माणसांचा. म्हणजे तीन-चार कॅमेरे लावलेले असले तरी नटांसाठी तो दर आठवड्याचा नवा प्रयोगच की, चार दिवस तालीम आणि मग लोकांसमोर. म्हणून म्हटलं टीव्ही नाटक म्हणून बघा. हशा आला की कोण थांबतं, कोण हशावर बोलून वाक्य वाया घालवतं, कोण हशा चालू असताना हातात काहीतरी काम ठेवतं म्हणजे रिकामं उभं राहिल्यासारखं वाटत नाही, हे सगळं दिसायला लागतं. जॅकी कधीच रिकामी उभी नसते. कपाटाचं दार उघडेल, पोरांच्या ताटातलं काहीतरी उचलून तोंडात टाकेल, खुर्चीवर उलटी बसेल.

आता तो सीन. पाचव्या सीझनमध्ये, १९९३ चा भाग, दोघी बहिणींचे वडील वारलेत. वडील काही चांगले नव्हते, मारायचे, त्यामुळे दुःख करायचं की नाही हाच प्रश्न. आणि नातेवाईकांना फोन करून कळवायचं काम जॅकीवर येतं. एक म्हातारी मावशी आहे, तिला ऐकू कमी येतं. जॅकी आधी हळू आवाजात, जसं आपण सांगतो तसं, आडून सांगते की बाबा आता आपल्यात नाहीत. पलीकडून काय ते ऐकू येत नाही आपल्याला, पण मावशीला कळलेलं नाही हे जॅकीच्या चेहऱ्यावरून कळतं. मग जरा मोठ्याने. मग अजून मोठ्याने. मग शब्द बदलून. शेवटी घसा फाडून ओरडते की मेले, मेले बाबा. तरी नाही. आणि मग एक पॉज, आणि ती हार मानते आणि गोड आवाजात सांगते की बाबा मजेत आहेत आणि तुला प्रेम कळवलंय. फोन ठेवते.

मी हा सीन किती वेळा बघितला असेन सांगता येत नाही. तुम्ही किमान तीनदा बघा आणि तिन्ही वेळा वेगळं बघा. पहिल्यांदा नुसतं हसा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा, फक्त तोंड आणि खांदे, प्रत्येक वेळी पलीकडची मावशी काहीतरी बोलतेय ते तिच्या ऐकण्यात दिसतं, मावशीचा एक शब्द नाही सीनमध्ये पण मावशी आहे. आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसतं ऐका, पट्टी कशी चढत जाते ते, प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा थोडीशीच वर, आणि शेवटचं वाक्य एकदम खालच्या पट्टीत. कॉलेजात असताना पुरुषोत्तमला बॅकस्टेज करायचे तेव्हा आमचा दिग्दर्शक टेलिफोनच्या सीनला सगळ्यांना झापायचा, की अरे समोरच्याला बोलू तर दे, तू एकटाच बोलतोयस, फोनवर दुसरा माणूस आहे ना. तेव्हा कळलं नव्हतं, हा सीन बघितल्यावर कळलं. आणि हे पण बघा की विनोद आहे, पण तिचा बाप मेलाय, आणि मेला हा शब्द तिला पाच वेळा बोलावा लागतोय. विनोदाच्या आत ते चाललेलं असतं.

त्याच पाचव्या सीझनमध्ये जॅकीला तिचा बॉयफ्रेंड मारतो तो ट्रॅक आहे. तो फोनच्या सीनच्याच आठवड्यात बघा, लांब अंतर ठेवू नका. तीच बाई, तेच स्वयंपाकघर, आणि तिथे ती एकही विनोद करायला जात नाही. बहिणीपासून पाठ लपवते नुसती.

रोझॅन २०१८ मध्ये परत आली, आणि मुख्य नटीच्या एका वर्णद्वेषी ट्विटमुळे दोन महिन्यांत बंद पण झाली, मग तिला वगळून उरलेल्यांना घेऊन द कॉनर्स काढली ती २०२५ पर्यंत चालली. म्हणजे १९८८ ला सुरू केलेली जॅकी तिने २०२५ ला संपवली, मधे मोठी गॅप पडली तरी. एक-दोन भाग बघा, तीच व्यक्तिरेखा साठीत कशी बसते-उठते हे बघायला. जास्त नाही.

टीव्हीवरचं बाकीचं पटकन सांगते. गेटिंग ऑन, एचबीओवर होती, २०१३ ते १५, तीन छोटे छोटे सीझन, म्हाताऱ्या बायकांच्या वॉर्डची गोष्ट, त्यात ही डॉक्टर, आणि हिचा रिसर्च कशावर तर पेशंटच्या शौचावर, आणि ते ती इतक्या गंभीरपणे करते की बस. जेवताना बघू नका. हॅक्समध्ये टूर मॅनेजर झालीये, बसमधून सगळ्यांना हाकणारी, छोटा रोल पण २०२२ ला चौथा एमी त्याचाच. आणि २०१६ साली तर एकाच वर्षात तीन वेगवेगळ्या सिरीयलसाठी तीन एमी नॉमिनेशन होते, त्यातला एक शेल्डनच्या आईचा. शेल्डनवरून आठवलं, यंग शेल्डनमध्ये तरुणपणची आई जी झालीये ना, झोई पेरी, ती हिची खरी मुलगी. चेहरा सोडा, मान वळवणं बघा. दोन्ही सिरीयलचा एकेक भाग पाठोपाठ लावून बघायची गंमत आहे, घरच्यांना न सांगता लावा आणि कुणाला कळतं बघा.

मग त्या २०१६ च्या तिघांतली एक म्हणजे होरेस अँड पीट. ही लुई सी के या कॉमेडियनने स्वतःच्या वेबसाईटवर काढली होती, पुढच्याच वर्षी त्याच्याबद्दल लैंगिक गैरवर्तनाचं जे बाहेर आलं त्यामुळे बऱ्याच जणांना ती बघायची इच्छा होणार नाही आणि ते मला समजतं. पण बघणार असाल तर फक्त तिसरा भाग. सुरुवातीलाच लॉरीचा चेहरा, आणि ती बोलायला लागते, आणि कट नाही. जवळजवळ नऊ मिनिटं. कोणाशी बोलतेय ते सुद्धा दाखवत नाहीत. एक बाई स्वतःच्या हातून घडलेली एक लाजिरवाणी गोष्ट सांगतेय एवढंच. इथे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, खरंच.

आणि हे नऊ मिनिटांचं स्वगत कुठून आलं तर १९८४ मधून. न्यूयॉर्कमध्ये स्टेपनवुल्फवाल्यांनी बाम इन गिलियड नावाचं नाटक केलं, माल्कोविचने बसवलेलं, रात्रभर चालू असणाऱ्या एका हॉटेलात जमणाऱ्या नशेडी, चोरटे, धंदेवाल्या लोकांची गोष्ट. त्यात शिकागोहून नुकतीच आलेली एक भाबडी मुलगी, तिला दुसऱ्या अंकात जुन्या प्रेमप्रकरणाबद्दल बोलायला तब्बल वीस मिनिटांचं स्वगत. वीस मिनिटं! समोर बसून ऐकणारी एक बाई, बाकी काही नाही. त्या कामाने तिला ओबी (न्यूयॉर्कच्या छोट्या थिएटरांतल्या नाटकांचं अवॉर्ड) मिळाला आणि न्यूयॉर्कला तिचं नाव कळलं. ह्याआधी १९८१ मध्ये सॅटर्डे नाईट लाइव्ह या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात घेतलं होतं, एकच भाग झाला आणि लेखकांचा संप लागला, ती गोष्ट तिथेच संपली, बरंच झालं म्हणा. (एक फालतू निरीक्षण: त्या नाटकाच्या लेखकाचं नाव लॅनफर्ड विल्सन आणि तिच्या पात्राचं नाव डार्लीन, आणि पुढे रोझॅनमध्ये गावाचं नाव लॅनफर्ड आणि भाचीचं नाव डार्लीन. मी काही संबंध लावत नाहीये पण मला रात्री एक वाजता हे सुचलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.)

आता सिनेमा. इथे तुमचं काम सोपं आहे कारण मुख्य सिनेमा एकच, लेडी बर्ड, २०१७, ग्रेटा गर्विगचा. दीड तासाचा आहे. सॅक्रामेंटो शहर, २००२ साल, कॅथलिक शाळेत शिकणारी मुलगी आणि तिची आई. आई हॉस्पिटलात नर्स, डबल शिफ्ट करते, बापाची नोकरी गेलेली. मुलीला न्यूयॉर्कला शिकायला जायचंय, आईला फी दिसते.

हा बघायची माझी पद्धत सांगते. पहिल्यांदा नेहमीसारखा, मुलीच्या बाजूने बघा, सर्शा रोनन आहे, ती इतकी छान आहे की आपोआप तिच्याच बाजूने बघितला जातो. मग आठवडाभर जाऊ द्या. दुसऱ्यांदा फक्त आई बघा. मुलगी बोलत असली तरी आई काय करतेय ते बघा. ही बाई संपूर्ण सिनेमाभर काहीतरी आवरत असते. कपडे घडी करते, शिवते, मुलीचा युनिफॉर्म उचलते, टॉवेल किती वापरले त्यावरून बोलते. ते बोलणं ऐकताना माझी आईच आठवली, गीझर चालू राहिला म्हणून सकाळी सात वाजता जे ऐकवायची तेच, भाषा वेगळी फक्त.

त्यातला जुन्या कपड्यांच्या दुकानातला सीन थांबवून थांबवून बघा. दोघी हँगर सरकवत सरकवत भांडतायत, पाय घासत का चालतेस वगैरे, आवाज चढलाय, आणि मधेच आईच्या हाताला एक ड्रेस लागतो आणि त्याच क्षणी, श्वास पण न बदलता, अगं किती सुंदर, आणि मुलगी पण, हो ना गं, आणि भांडण गायब. ती जी कलाटणी आहे ना ती एका सेकंदात आहे. दुसरी कुणी असती तर मधे पाव सेकंद थांबली असती, राग उतरतोय असं दाखवलं असतं. लॉरी राग उतरवतच नाही, राग तसाच ठेवून ड्रेस आवडून घेते. घरातली भांडणं अशीच असतात, मीठ दे म्हणता म्हणता चाललेली.

नंतर ट्रायल रूमच्या दाराशी मुलगी आईला विचारते की मी तुला आवडते का. आई म्हणते तुझ्यावर प्रेम आहेच माझं. मुलगी म्हणते ते नाही विचारलं, आवडते का. इथे आईचा चेहरा बघा, ती उत्तर शोधते आणि तिच्याकडे खरं उत्तर नसतं तेव्हा ती सल्ला देते.

आणि एअरपोर्ट. इथून पुढची चार-पाच वाक्यं सिनेमा बघितला नसेल तर सोडून द्या. आई रुसलीये, मुलीशी बोलत नाहीये, पार्किंगला फार पैसे पडतात म्हणून आत येणार नाही, गाडीतूनच. बाप आणि मुलगी उतरतात. आणि आई एकटी गाडी चालवत एअरपोर्टला वळसा घालायला लागते. कॅमेरा तिच्यावर. संवाद नाही. आधी काहीच नाही, ताठ, मी बरोबर आहे असा चेहरा. मग तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. मग ती ते दाबते. मग दाबता येत नाही. तोवर वळसा घेऊन गाडी परत दाराशी येते आणि ती धावत आत जाते. अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा खेळ आहे सगळा. फोनच्या सीनमधली ती चढत जाणारी पट्टी आठवते? तीच इथे आहे, आवाज नाही एवढंच. हे लक्षात आलं तेव्हा मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते. (आत तिला सावरणारा नवरा म्हणजे ट्रेसी लेट्स, तोही स्टेपनवुल्फचाच. जुनी कंपनी सुटत नाही.) याला ऑस्कर नॉमिनेशन होतं, अवॉर्ड त्या वर्षी ॲलिसन जॅनीला गेला, आणि गंमत म्हणजे तोही आईच्याच रोलसाठी, आय, टोन्यामधल्या. जॅनीही नाटक-टीव्ही-सिनेमा तिन्हीतली बाई, तिच्यावर परत कधीतरी लिहीन.

आईबरोबर बघायचा असेल तर एक सूचना, मी बघितला होता, लॅपटॉपवर, सबटायटल लावून. सिनेमा संपल्यावर आई म्हणाली, मुलगी जरा जास्तच बोलते. एवढंच. आणि उठून कुकर लावला. तर फार अपेक्षा ठेवून लावू नका.

दुसरा सिनेमा स्क्रीम २, १९९७ चा, पूर्ण वेगळी चव. तिचा रोल काय ते आधी वाचायचं नाही, पोस्टर पण झूम करू नका. बस.

सबटायटलचं राहिलं. लावा, पण इंग्लिशच लावा, कारण ही बाई वाक्य अर्धं तोडते, स्वतःच्याच बोलण्यावर बोलते, आणि जॅकीचा तो इलिनॉयचा सपाट हेल पहिल्या दोन-तीन भागांत कानाला पकडत नाही. नंतर बंद करा. आणि कुठे काय आहे हे मी लिहीत नाही कारण दर दोन महिन्यांनी ह्या ॲपवरून त्या ॲपवर जातं, जस्टवॉच उघडा आणि देश भारत ठेवून नाव टाका, एका मिनिटात कळतं.

आता नाटक, आणि इथे खरी अडचण. ज्या कामासाठी न्यूयॉर्कवाले तिला डोक्यावर घेतात ते तुमच्या-माझ्यासाठी हवेत विरून गेलेलं आहे. २०१७ ला अ डॉल्स हाउस, पार्ट टू, त्याला टोनी. २०१८ ला थ्री टॉल विमेन, ग्लेंडा जॅक्सनबरोबर, त्याला टोनी. २०१९ ला हिलरी अँड क्लिंटन, नॉमिनेशन. तिन्ही नाटकं एकाच थिएटरात, पंचेचाळीसाव्या रस्त्यावरच्या जॉन गोल्डनमध्ये, लागोपाठ तीन वर्षं. त्याआधी मिझरी, ब्रूस विलिसबरोबर, आणि द अदर प्लेस, ज्यात लेक झोईपण होती. आणि २०२० च्या मार्चमध्ये हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फचे प्रिव्ह्यू (ओपनिंगच्या आधीचे प्रयोग) सुरू झाले आणि कोविड आला, ते नाटक ओपनच झालं नाही. तालमी झाल्या, सेट लागला, आणि संपलं. नाटकवाल्यांना हे वाचून पोटात कालवेल.

शिवाय ब्रॉडवेचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांचं, गणित असं की एकच थिएटर आणि आठवड्याला आठ प्रयोग. आपल्याकडे नट शुक्रवारपर्यंत मालिकेचं शूट करतो आणि शनिवार-रविवार बसने प्रयोगाला, आज ठाणे उद्या नाशिक, तसं तिथे नाही. म्हणून ती टीव्हीची सुट्टी बघून नाटकं घेते, आणि म्हणून बरीचशी नाटकं तीन-चार महिन्यांत संपतात.

मग करायचं काय? तर एक, नाटक वाचायचं. अ डॉल्स हाउस, पार्ट टूचं पुस्तक मिळतं, लुकस नेथचं, दोन तासांत वाचून होतं. इब्सेनची नोरा घराचं दार आपटून निघून गेली, ती पंधरा वर्षांनी परत त्याच दारावर टकटक करते, तिथून सुरू. आपल्याकडे रांगणेकरांची कुलवधू आणि काणेकरांचं घरकुल ही दोन्ही चाळीसच्या दशकातली नाटकं त्याच नोरावरून आलेली, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाटक परकं वाटणार नाही. आधी इब्सेनचं वाचा किंवा निदान गोष्ट तरी वाचा, मग हे. आणि वाचताना नोराची वाक्यं जॅकीच्या आवाजात वाचा. ही ट्रिक आहे खरी. नेथने वाक्यं आजच्या बोलण्यातली लिहिलीयत, शिव्यांसकट, आणि जुन्या काळातला तो फुगीर ड्रेस घालून ती ते बोलणार, हे डोळ्यासमोर आणायचं. तोवर तुमच्या कानात तिची लय बसलेली असेल, म्हणूनच म्हटलं नाटक शेवटी घ्या.

दोन, यूट्यूबवर प्रत्येक नाटकाच्या निर्मात्यांनी प्रसिद्धीसाठी सोडलेल्या दोन-तीन मिनिटांच्या क्लिप असतात. नाटकाच्या नावापुढे बी-रोल असं टाकून शोधा. नाटक वाचल्यावर त्या बघितल्या तर उपयोग, आधी बघून काही हाती लागत नाही.

तीन, कुठलं नाटक कुठे, कधी, किती प्रयोग, हे आयएमडीबीवर नाही मिळणार, त्यासाठी आयबीडीबी नावाची वेगळी साईट आहे, फक्त ब्रॉडवेची. ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे छोट्या थिएटरांतलं, तिथे नसतं, म्हणजे बाम इन गिलियड तिथे शोधून दमू नका.

आणि चार, हे एडिसन-जर्सी सिटीकडच्या मराठी मंडळींसाठी, ज्यांच्याकडे पाहुणे आले की टाइम्स स्क्वेअर दाखवायलाच लागतो. लिंकन सेंटरला न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची परफॉर्मिंग आर्ट्सची शाखा आहे, तिथे १९७० पासून नाटकांचं रेकॉर्डिंग करून ठेवलेलं आहे. घरी नेता येत नाही, ऑनलाइन नाही, आधी वेळ घ्यायची आणि तिथेच बसून हेडफोन लावून बघायचं. नुसती हौस म्हणून देत नाहीत, अभ्यासाचं किंवा कामाचं कारण लागतं, त्यामुळे नाटकाचे विद्यार्थी असाल, मंडळात नाटक बसवत असाल, लिहीत असाल तर नीट कारण लिहून विचारा. कॅटलॉग आधी घरून तपासा, सगळीच नाटकं असतात असं नाही.

ती आता सत्तरीची आहे आणि अजून उभी राहते स्टेजवर, २०२५ च्या शेवटाकडे लिटल बेअर रिज रोड घेऊन परत त्याच पंचेचाळीसाव्या रस्त्यावर, बूथ थिएटरात होती. त्यामुळे तिकडे असाल आणि तिचं नाव बोर्डावर दिसलं तर पुढच्या वेळी बघू म्हणू नका. पूर्ण भावाचं तिकीट परवडत नसेल तर त्याच दिवशीची स्वस्त तिकिटं टाइम्स स्क्वेअरच्या टीकेटीएस खिडकीवर मिळतात, बऱ्याच नाटकांची सकाळी बॉक्स ऑफिसला रश, म्हणजे त्या दिवसापुरती स्वस्त, तिकिटं असतात, आणि ऑनलाइन लॉटरी असते ती रोज भरता येते. मागची रांग मिळाली तरी घ्या, गोल्डन काय किंवा बूथ काय, दोन्ही आठशेच्या आतबाहेरची थिएटरं आहेत, यशवंतराव नाट्यगृहात बसल्याची सवय असेल त्याला तिथली शेवटची रांगपण लांब वाटणार नाही.

आणि आत गेल्यावर प्लेबिल (नाटकाची माहितीपुस्तिका) हातात देतील, फुकट असते, ती आधी उघडून झटका. एखादी सुटी चिठ्ठी खाली पडली तर वाचा, कुणीतरी आज येणार नाही आणि बदली नट आहे असं त्यावर असतं. तिचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलेलं असेल आणि चिठ्ठी तिचीच असेल, तर पडदा उघडायच्या आत बॉक्स ऑफिसला जाऊन पैसे परत किंवा दुसऱ्या दिवसाचं तिकीट मागता येतं, पहिली घंटा होऊन गेल्यावर मागायला गेलात तर कोणी उभं करणार नाही.